टुण्यावरचा आळ

मंगळवार, ७ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, मी बरी आहे आणि टुण्या तर आपल्या दोघींपेक्षा बरा आहे. ख्यालीखुशाली इथेच संपली, कारण मला तुझ्याशी भांडायचं आहे.

पत्र तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. दातांच्या डॉक्टरांकडे दिवसभर टपाल येत असतं आणि काउंटरवर बसून तूच ते उघडतेस, त्यात माझं एक पाकीट खपून जाईल. फोनवर बोलायची सोय नाही. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मी 'हॅलो' म्हणायच्या आत भावोजींचा आवाज येतो, "काय कुत्रेवाल्या बाई, धंदा जोरात?" त्यावर तू हसतेस. तू का हसतेस, हे भांडणाचं दुसरं कलम. आधी पहिलं घेते.

टुण्याला माझ्याकडे शिकवणीला सोडायला आलात त्या दिवशी भावोजी गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली केली आणि तक्रारींचा पाढा वाचला. अंगावर उड्या मारतो. कोणी आलं की घर डोक्यावर घेतो. पट्टा ओढून ओढून हिचं मनगट मुरगळलं. उडी मारून हिच्या हनुवटीवर डोकं आपटलं, ओठ फुटला. महिनाअखेरपर्यंत सुधारला नाही तर गोदामाच्या वॉचमनला देऊन टाकणार, तो साखळीनं बांधून ठेवेल. मग त्यांनी मला एक गळपट्टा दिला, आतल्या बाजूनं लोखंडी दात असलेला. "एक हिसका द्यायचा, बरोबर समजतं," म्हणाले. हे सगळं चाललं होतं तेव्हा तू शेजारच्या सीटवर बसून पर्सची चेन उघडत होतीस आणि लावत होतीस.

तो गळपट्टा मी कचऱ्यात टाकला. किमतीचा प्रश्न आला तर सांग त्यांना, बहीण वेंधळी आहे, हरवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली आहे ती या हिसका प्रकरणानं. इतकी वर्षं मी हे काम करते, या जुन्या बॅडमिंटन हॉलमध्ये लोकांची उधळलेली कुत्री शांत करते, आणि जो तो मला शिकवायला येतो. कोणी म्हणतं नाकावर वर्तमानपत्र मारा, कोणी म्हणतं उपाशी ठेवा. मी मारत नाही, ओरडत नाही. मी खेळते. मुठीत उकडलेल्या चिकनचा तुकडा धरून कुत्र्यासमोर बसते. ते मुठीवर तुटून पडतं, चाटतं, पंजे मारतं, भुंकतं. मी गप्प, मूठ बंद. कधीतरी ते थकून नाक मागे घेतं आणि त्याच क्षणी मूठ उघडते. मग तुकडा उघड्या तळहातावर. झडप घातली की हात मिटतो, थांबलं की मिळतं. 'थांब' असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. थांबण्यात आपलं भलं आहे हे त्याचं त्यालाच उमगतं, आणि असं उमगलेलं पक्कं बसतं.

टुण्यानं पहिल्या दिवशी माझी मूठ अशी धुऊन काढली की साबण लावावा लागला नाही. त्याच्या उत्साहाबद्दल वाद नाही. दार वाजलं की स्वतःभोवती गिरक्या, माणूस दिसला की टुणकन उडी, वाटी दिसली की सरळ वाटीत तोंड. पण हुशार किती! वाटीचा खेळ त्यानं सकाळच्या सकाळी ओळखला. उडी मारली की वाटी वर जाते, बूड टेकलं की वाटी खाली येते. दुपारी मी वाटी काढायच्या आधीच हा महाराज बूड टेकून तयार, आणि माझ्याकडे असं बघत होता की उशीर जणू माझ्याकडूनच होतोय.

आता मुद्द्याचं. पट्टा ओढतो म्हणालात, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याला मुद्दाम बाजाराच्या रस्त्यानं नेलं. ताई, हे कुत्रं ओढत नाही. उडतं, ते जागच्या जागी. एवढासा जीव, वीतभर पाय, सगळं बळ लावून ओढलं तरी माझ्या हातातली पिशवी सांडणार नाही. आणि हनुवटी? मी सरळ उभी राहून त्याच्याकडून हव्या तेवढ्या उड्या मारून घेतल्या. माझ्या गुडघ्याच्या वर त्याचं डोकं एकदाही आलं नाही. तू माझ्यापेक्षा उंच आहेस. तुझ्या हनुवटीपर्यंत पोचायला त्याला स्टूल लागेल.

मग हे सगळं त्याच्या नावावर कोणी लिहिलं? मुक्या प्राण्यावर आळ घ्यायचा, वर त्याला लोखंडी दात लावायचे आणि साखळीला बांधायची धमकी द्यायची, हा कुठला न्याय? मला भयंकर राग आला आहे आणि तो नेमका कशाचा हे मला अजून नीट मांडता येत नाही. तू मला एवढंच कळव, मनगट कशानं मुरगळलं?

तुझी,
धाकटी


गुरुवार, १६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. म्हणजे त्याला पत्र म्हणायचं तर. 'मी मेली धांदरट, कुठे ना कुठे धडपडते, तू उगाच मनावर घेतेस, टुण्याला पोटभर खायला घालते आहेस ना?' एवढाच मजकूर. तू धांदरट? दवाखान्यात गर्दीच्या दिवशी तीन फोन, रडणारी पोरं आणि डॉक्टरांचा चहा एका वेळी सांभाळणारी बाई धांदरट? लहानपणी काचेची बरणी फुटली की ती नेहमी माझ्या हातून फुटायची. तू घरातली सगळ्यात सांभाळून चालणारी मुलगी होतीस. हे असलं दुसऱ्या कोणाला सांग, मला नको.

टुण्याला पोटभर घालते आहे. आता बातमी ऐक.

चटईचा खेळ त्यानं फार छान उचलला. चटईवर पडून राहायचं आणि आजूबाजूला जग इकडचं तिकडे झालं तरी उठायचं नाही. पडून राहिलं की अधूनमधून पुढ्यात तुकडा येऊन पडतो. मी चेंडू सोडला, दुसरी कुत्री आणली, दार वाजवलं, चिकनचा डबा उघडा ठेवून निघून गेले. शेपटी जमिनीवर आपटत राहिली, पण बूड हललं नाही. मला इतका आनंद झाला की भावोजींना बोलावून दाखवावं असं क्षणभर वाटलं. क्षणभरच.

माझ्याकडे एक ड्रायव्हरकाका येतात. निवृत्त झालेत, आयुष्यभर बस चालवली, आता घरी करमत नाही म्हणून माझे पाहुणे होतात. म्हणजे बेल वाजवून आत यायचं, पिशवी हलवायची, मोठ्यानं बोलायचं, कुत्र्यांना उड्या मारायचा मोह पाडायचा. आवाज असा की हॉलच्या पत्र्याला कंप सुटतो. मागच्या खोलीत कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या मावशी असतात, त्यांच्याशी त्यांचं रोजचं जुगलबंदीचं नातं. परवा काका मावशींना कुठल्याशा जुन्या भांडणाची गोष्ट सांगत होते. एका मोटारवाल्यानं बस अडवली, मग हे कसे खाली उतरले, काय काय बोलले. सांगता सांगता रंगात आले आणि मावशींच्या अंगावर धावून गेल्यासारखे, "कळत नाही का तुला!" असं ओरडून त्यांनी हात उगारला.

टुण्या चटईवरून उठला.

भुंकला नाही. गिरकी नाही, शेपटी नाही. सरळ चालत दोघांच्या मध्ये गेला, काकांच्या दिशेनं उडी मारली आणि त्यांच्या पँटचं टोक दातात धरलं. हळूच, कापड फाटणार नाही इतकं. काकांनी दचकून हात खाली घेतला. हात खाली आला तसा त्यानं कापड सोडलं, वळला, मावशींच्या पावलांवर आडवा झाला आणि डोकं वर करून वाट बघत राहिला.

काका हसायला लागले, मावशीही हसल्या. मला हसू आलं नाही. मी काकांना नुसता आवाज चढवायला सांगितलं. टुण्या पडून राहिला. मग आवाज न करता, नुसता हात वर करून, वरच्या फळीवरचा डबा काढायला लावला. पडून राहिला. मग पुन्हा दोन्ही एकदम, मावशी समोर. तो उठला. प्रत्येक वेळी तेच, त्याच क्रमानं.

ताई, उत्साहाच्या भरात कुत्रं काय करतं ते मी रोज बघते. हे ते नाही. हे शिकवलेलं आहे. कुत्रं फुकट काही शिकत नाही. एखादी गोष्ट केल्यावर भलं झालं, तरच ते ती पुन्हा करतं. म्हणजे हात उगारला की मध्ये जायचं आणि मग कोणाच्या तरी पायांवर पडायचं, याचं त्याला कधीतरी बक्षीस मिळालेलं आहे. कोणीतरी पायाशी वाकून त्याचं डोकं कुरवाळलेलं आहे, खिशातलं बिस्किट भरवलेलं आहे, कदाचित त्याच्या मानेत तोंड खुपसून बसलेलं आहे. तू मला नेहमी म्हणतेस, तुझ्यासारखं कुत्रं शिकवायला मला नाही बाई जमत. माझ्यापेक्षा चांगलं जमलंय.

भावोजींचा फोन आला होता. कुत्रं तयार झालं का, विचारत होते. मी खोटं बोलले. म्हटलं, फार हट्टी आहे, अजून काहीच जमत नाही, वेळ लागेल. आपल्या कामाबद्दल मी आजवर असं खोटं बोलले नव्हते. "तुझ्या खाऊनं काही व्हायचं नाही, म्हटलं होतं मी," असं वर तोंड करून म्हणाले, आणि मी चक्क मूग गिळून ऐकून घेतलं.

या पत्रात मी एक शब्द लिहायचा टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तो तू लिहावास म्हणून मी थांबले आहे.

तुझी,
धाकटी


बुधवार, २२ मार्च

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'ह्यांचा हात वर गेला की टुण्या मध्ये येतो. तेवढं सोडव. बाकी काही शिकला नाही तरी चालेल. तेवढं जमलं तर हे त्याला घरात ठेवतील, नाहीतर खरंच देऊन टाकतील. माझ्याकडे तोच तर आहे.'

म्हणजे तू पहिल्यांदा खरं लिहिलंस, आणि तेही कुत्र्याच्या वशिल्यानं.

मग आता मीही लिहिते. भावोजी तुला मारतात. मनगट त्यांनी मुरगळलं, ओठ त्यांनी फोडला आणि नाव त्या आखूड पायांच्या जिवाचं लावलं. तू लावू दिलंस. त्याचा मला तुझ्यावर राग नाही. गेले काही दिवस तुझ्यावर आहे असं वाटत होतं, पण तो तुझ्यावर नाही. तो सगळा त्या गाडीची काच खाली करून बोलणाऱ्या माणसावर आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती तिथेच राहू दे असं मला वाटतं.

तू मागतेस ते मला करता येतं का? येतं. यापेक्षा अवघड कुत्री हाताखालून गेली आहेत. चटईवर पडून राहिला की तुकडा, आवाज थोडा चढला तरी पडून राहिला की तुकडा, मग मोठा आवाज, मग थोडासा हात, मग पुरा हात. टुण्यासारखा हुशार गडी महिना संपायच्या आत शिकेल. तू पायाशी कोसळलीस तरी तो चटईवर पडून, कुठून तुकडा येतो याची वाट बघत राहील. वाच हे पुन्हा. हे तू मागते आहेस.

तुझा शब्द म्हणून काल मी सुरुवातही केली. काका नको म्हणत होते. "बाई, खेळ म्हणूनसुद्धा मला हे बरं वाटत नाही," म्हणाले. मी आग्रह केला. टुण्याला चटईवर झोपवलं, तळहात दाखवून 'राहा' अशी खूण केली. काकांनी आवाज चढवला, हात उचलला. आणि तो राहिला, ताई. मी सांगितलं म्हणून राहिला. कान मागे पडलेले, अंगभर थरथर, नखं चटईत रुतलेली आणि डोळे माझ्यावर. मावशींकडे एकदा बघायचा, पुन्हा माझ्याकडे. माझं त्यानं इतकं सगळं ऐकलं होतं आतापर्यंत, हेही ऐकत होता.

मग उठला. मला न जुमानता त्या वीतभर पायांवर तुरुतुरु मध्ये गेला, पँटचं टोक धरलं, सोडलं आणि मावशींच्या पावलांवर जाऊन पडला.

मी डबा उघडला आणि त्याच्यासमोर सगळं चिकन ओतलं.

मावशी ओल्या हातांनी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, चुकीच्या वेळी दिलंत की."

मी म्हटलं, "बरोबर वेळी दिलं."

तेव्हा तुझं काम झालेलं नाही. उलट मी ते कायमचं पक्कं करून ठेवलं आहे. आता तो हे कधीही सोडणार नाही. भावोजींना मी आज फोन करून सांगितलं की तुमचं कुत्रं माझ्याकडून सुधारलं नाही, नापास झालं, आणि नापास झालेली कुत्री मी ठेवून घेते. "ठेव, ब्याद गेली," म्हणाले. तुला विचारलं का, असं मी विचारलं तर हसले.

आणि त्यांचा ताबा सुटतो, मनात काही नसतं, असं मला पुढच्या पत्रात लिहू नकोस. मी सोमवारी त्यांच्या फर्निचरच्या दुकानात गेले होते. मुद्दाम गेले, कपाटांच्या आड उभी राहिले, त्यांना दिसले नाही. एक जोडपं सोफा बघत होतं. त्यांनी भावोजींना तो सोफा उलगडायला लावला, मिटायला लावला, पुन्हा उलगडायला लावला. बाई बूट घालून त्यावर आडवी झाली. रंग आवडला नाही, मग कापड आवडलं नाही, मग म्हणाले, बघू, विचार करून सांगतो. भावोजी सबंध वेळ हसत होते, आवाजाला जराही धार नाही. दार धरून उभे राहिले, "परत या," म्हणाले. दार लागलं. त्यांनी गादीवरचा बुटाचा डाग पुसला, मोबाइल काढला आणि तुला फोन लावला. "जेवायला काय आहे" एवढंच विचारलं, पण जो आवाज काढला तो त्या जोडप्यासमोर एकदाही काढला नव्हता.

माझ्या हॉलमध्ये शांत बसणारं कुत्रं घरी गेलं की पुन्हा उधळतं, हे मी मालकांना रोज समजावते. जागा बदलली की त्याला धडा नवा वाटतो, त्याला बिचाऱ्याला खरंच कळत नाही. भावोजींना कळतं. त्यांना थांबता येतं, आणि माझ्या कुठल्याही कुत्र्यापेक्षा चांगलं येतं. कोणासमोर थांबायचं आणि कोणासमोर नाही, हे ते ठरवतात. आणि ज्याला थांबता येतं तो माणूस तुझ्या टुण्याला संयम शिकवायला माझ्याकडे पाठवतो! मी हसावं की त्यांच्या त्या सोफ्याला काडी लावावी?

खरं सांगू? मला वाटतं आत्ता उठावं आणि तुला हाताला धरून ओढत इकडे आणावं. पण तुझ्या हाताला धरून ओढणारं एक माणूस पुरे झालं. म्हणून ओढणार नाही. शनिवारी दवाखाना बंद व्हायच्या वेळी मी समोरच्या फुटपाथपाशी गाडी उभी करून बसेन. मागच्या सीटवर टुण्या असेल. माझ्याकडची आतली खोली मी मोकळी केली आहे, पलंग खिडकीकडे लावला आहे, दाराला आतून कडी आहे. सामान आणायच्या भानगडीत पडू नकोस. घरी जाऊन निरोप घेऊन येते वगैरे तर अजिबात नको. काउंटरवरून पर्स उचल आणि रस्ता ओलांड. काकांना मी सांगितलंय, ते माझ्या शेजारी बसणार आहेत. सामान लागलंच तर नंतर आपण तिघं मिळून जाऊ आणि काका दारात त्यांच्या त्या आवाजात बोलतील.

या शनिवारी पाय निघाला नाही तर पुढच्या शनिवारी मी तिथेच असेन, त्याच्या पुढच्याही. रागावून निघून जाणार नाही, वचन देते. मला वाट बघता येते, माझं कामच ते आहे.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मनगटाचं विचारलं तर या वेळी कुत्र्याचं नाव सांगू नकोस. पडले म्हणूही नकोस. जमलं तर खरं सांग, नाही जमलं तर गप्प राहा, पण स्वतःला धांदरट म्हणू नकोस. ते मला आता सहन होत नाही.

टुण्यानं काही केलेलं नाही, ताई. आणि तूही काही केलेलं नाहीस.

शनिवारी रस्त्यापलीकडे असलेली,
तुझी धाकटी